रेघेचं जाड टोक

आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी गूळपाणी मिळायचं, मग कागद, आणि कागद लिहून झाल्यावर चहा. कोणी घाईत असलं तर चहा राहायचा, कागद राहायचा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरच्या लाकडी पेटीतून कोरा कागद काढायचे, दौत आणि टाक पुढं सरकवायचे आणि सांगायचे, "लिहा. आमच्याकडं सगळं ठीक आहे, काळजी नसावी." माणूस बिचारा सायकलचा पंप मागायला आलेला असायचा. तो आधी अण्णांकडं बघायचा, मग आईकडं, आणि आई कपाळाला पदर लावत मान हलवायची, की लिहा बाबा, सुटका नाही. ज्याच्या घरी काहीच ठीक नव्हतं, त्यानंही ते वाक्य निमूट लिहून दिलेलं मी पाहिलं आहे. अण्णांचं म्हणणं असं, की या एका वाक्यात ठ आहे, ळ आहे, वेलांट्या आहेत, डोक्यावर टिंबं आहेत. माणसाचा सगळा स्वभाव त्यात उतरायला जागा आहे. कागद खिडकीशी नेऊन ते भिंगातून बघत बसायचे. तोवर पाहुण्याचा चहा निवून जायचा आणि आई तो परत चुलीवर ठेवायची.

आम्ही तेव्हा औरंगपुऱ्यात भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं न्हाणी. सकाळी अजान, मग शेजारच्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट, मग आईच्या भाकरीची थापथाप, या क्रमानं दिवस उजाडायचा. अंबाडीची भाजी, भाकरी, वर लसणाची फोडणी. सणाला येसराची आमटी. अण्णा कचेरीत मुन्शी होते. निजामाच्या अमलात त्यांची उर्दू अशी होती म्हणतात, की बाकीचे कारकून त्यांचे कागद वाचायला नव्हे, बघायला मागायचे. आम्हा पोरींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उजवीकडून डावीकडं त्यांचा बोरू सरकायला लागला की मी अभ्यास सोडून बघत बसायची. मग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला याचा आनंद अण्णांनाही झाला, पेढे त्यांनीही वाटले. पुढं हळूहळू कचेरीतली उर्दूही गेली, आणि पेढे वाटताना हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. चाळिशीतला माणूस माझ्या शेजारी बसून माझ्याच अंकलिपीवरून क आणि ख गिरवायला लागला. आईला बाळबोध लिपी उत्तम यायची, वैजापूरला तिच्या वडिलांनी तिला घरीच शिकवली होती. पण अण्णांनी तिला विचारलं नाही. घरची पत्रं तेवढी तिच्याकडून लिहून घ्यायचे.

त्याच सुमारास शहागंजात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक मुखपृष्ठ गेलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं. हस्ताक्षरावरून माणूस कसा ओळखावा, असा त्याचा विषय. लेखकाचं नाव मुखपृष्ठाबरोबरच गेलं होतं, त्यामुळं पुस्तक वेदासारखं अपौरुषेय झालं होतं. अडचण एवढीच, की त्यात सगळी अक्षरं इंग्रजी. अण्णांना ती अडचण वाटलीच नाही. इंग्रजी टीच्या डोक्यावरची आडवी दांडी म्हणजे आपली शिरोरेषा, असं त्यांनी ठरवून टाकलं. आयवरचा ठिपका म्हणजे अनुस्वार. वायची शेपटी म्हणजे उकार. अनुस्वार अक्षराच्या पुढं पडला तर माणूस उतावळा. गोल आणि पोकळ काढला तर दिखाऊ. ळची दोन्ही पोटं सारखी असली तर घरात भांडण होत नाही. आमच्या आईचा ळ अगदी तोलून काढल्यासारखा होता, आणि घरात भांडण होत नव्हतं हेही खरं, कारण अण्णा तिचं ऐकूनच घ्यायचे नाहीत.

मला आता वाटतं, ज्याचं अक्षर असं निकामी होतं, तो दुसऱ्यांच्या अक्षरांच्या मागं लागणारच. तेव्हा हे कळत नव्हतं. तेव्हा फक्त लाज वाटायची, कारण माझ्या मैत्रिणी आमच्या घरी यायला कंटाळायच्या. माझं स्वतःचं अक्षर बघून अण्णांनी निकाल दिला होता, की ही मुलगी चंचल, कुठलीच गोष्ट तडीस नेणार नाही. हे प्रकरण मी पाच-सहा वर्षांपासून लिहिते आहे, हे त्यांना कोणी सांगू नये.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध मात्र रेघेच्या जाड टोकाचा. टाकानं लिहिताना शिरोरेषा सगळीकडं सारखी उमटत नाही. एक टोक दाटून येतं, दुसरं बारीक होत जातं. पुण्यामुंबईकडून आलेल्या लोकांच्या कागदांवर जाड टोक डावीकडं असायचं. आमच्या गावातल्या बऱ्याच लोकांचं, विशेषतः कचेरीतल्या झाडून सगळ्यांचं, उजवीकडं. अण्णांनी पुस्तकात बघितलं. दांडी सुरुवातीला बारीक आणि शेवटी दाबलेली असेल, तर माणूस आधी हात राखून बोलतो आणि शेवटी दगा देतो, थोडक्यात, खोटारडा. अण्णांनी आपल्या कचेरीतली माणसं एकेक करून डोळ्यांपुढं आणली आणि त्यांची खात्रीच पटली. शास्त्र किती अचूक असावं! त्यांचे जुने सोबती रझाकचाचा एकदा कागद लिहून देऊन वर म्हणाले, "अण्णासाब, आपके हिसाब से तो पूरा दफ्तर झूटा है. फिर सच्चा कौन है?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "तलाश जारी है." चाचा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. अण्णांनी स्वतःचा कागद मात्र कधी भिंगाखाली धरला नाही. आई विचारायची तेव्हा म्हणायचे, वैद्यानं स्वतःची नाडी बघू नये.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात कुसुमताई लग्नाची होती. ताई माझ्याहून बरीच मोठी, शांत, कामाला वाघ, आणि मनातलं बोलायला वेळ लावणारी. तिच्यासाठी स्थळ आलं की लोक पत्रिका मागायचे, अण्णा अक्षर मागायचे. "पत्रिका गुरुजी बनवतो, अक्षर माणूस स्वतः काढतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंगापूरच्या मुलाचे उकार लोंबत होते म्हणून तो आळशी ठरला. जालन्याच्या मुलाच्या वेलांट्या पुढच्या अक्षरात घुसत होत्या. तो दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसेल, असं निघालं. एकाचं अक्षर निर्दोष होतं, तेव्हा अण्णा म्हणाले, इतकं निर्दोष अक्षर म्हणजे काहीतरी लपवतोय. ताई पापड लाटत बसायची, आणि लाटण्याचा आवाज तेवढा वाढायचा. तिच्या बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या होत्या.

मग मामा वैजापूरहून मधुकररावांचं स्थळ घेऊन आले. मधुकरराव मामांच्याच गल्लीत राहायचे, तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. उन्हाळ्यात आम्ही मामांकडं जायचो तेव्हा ते मामेभावांची गणितं घ्यायला यायचे, आणि ताई ताक द्यायला ओसरीवर जायची. एकदा ताक आंबट होतं. मामी म्हणाली, "गोड लागलं ना मास्तर?" तर ते म्हणाले, "नाही, आंबट आहे. पण उन्हातून आल्यावर चालतं." ताई ते सांगताना हसली होती, आणि ताई हसून काही सांगते आहे हे बघून मी समजायचं ते समजले होते. पत्रिका जुळली, माणसं जुळली, देण्याघेण्याचं तर कोणी नावच काढलं नाही. राहिला फक्त कागद. मामांनी तो खिशातून काढून अण्णांच्या हातात दिला. अण्णा खिडकीशी गेले, भिंग लावलं, आणि परत आले तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"जमायचं नाही," अण्णा म्हणाले. "सगळ्या रेघांचं जाड टोक उजवीकडं. एक शब्द सुटलेला नाही. इतका पक्का खोटारडा मी कचेरीतसुद्धा पाहिला नाही."

मामा जेवायला बसले होते, त्यांचा घास हातातच राहिला. "दाजी, पोरगं लई सरळ हाय हो. सरळ म्हणजे इतकं, की गावात त्याला लोक टरकून राहतात. हेडमास्तरला तोंडावर सांगितलं त्यानं, की तुमचं गणित चुकलंय. आता माणूस बघायचा का त्याची रेघ बघायची?"

"माणूस आपल्याला दिसतो तेवढाच असतो का?" अण्णा म्हणाले. "आतला माणूस रेघेत असतो."

"आतल्या माणसाशी नाय लावायचं हो लग्न, बाहेरच्याशीच लावायचंय," मामा म्हणाले, पण अण्णा उठून हात धुवायला गेले होते. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. ती म्हणाली, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी यांची रीत. उद्या प्रत्यक्ष रामानं कागद लिहून दिला तरी हे भिंग लावतील. ताईनं लाटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि ओसरीवर गेली. अण्णांपुढं ती उभी राहिलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"अण्णा, मला हेच हवेत," ती म्हणाली. "आजवर सगळी स्थळं तुम्ही मोडलीत, मी ब्र काढला नाही. यांना मात्र बोलवा. तुमच्यासमोर बसवून लिहून घ्या. तेव्हाही तुम्हाला खोटं दिसलं, तर मी परत नाव काढणार नाही. यांचंही नाही आणि दुसऱ्या कोणाचंही नाही. मग मला कायमची इथंच ठेवा."

अण्णांनी तो कागद परत एकदा बघितला. त्यांना ताई आवडायची, आमच्या सगळ्यांत जास्त आवडायची, हे मी न रागावता सांगते. तिला फसवणारा माणूस मिळू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप चालला होता, आणि त्यापायी तिला कोणीच न मिळण्याची वेळ आली होती. शेवटी ते म्हणाले, "बरं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? येऊ द्या त्यांना." ताई आत आली आणि पिठाच्या डब्याशी तोंड करून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

मधुकरराव यष्टीनं आले. धोतर, कोट, पायात धुळीनं पांढरे झालेले जोडे. उंच, हाडकुळे, आणि बसताना पाट आधी हलतो का ते बघणारे. ताईनं स्वतः येसराची आमटी केली होती. भीतीच्या भरात तिनं मीठ एकदा घातलं, मग घातलं का नाही या शंकेनं परत घातलं. आमच्या घरी मुलगी बघायला आलेल्या माणसानं जे वाढलं ते गोड मानून घ्यायची पद्धत. आईनं विचारलं, "आमटी कशी झालीय?" मधुकररावांनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि सांगितलं, "चव चांगली आहे, पण मीठ बरंच जास्त पडलंय." मामांनी डोळे मिटून घेतले. दाराआडून ताईचा श्वास मला ऐकू आला. अण्णा निम्मी वाटी संपवून बसले होते, तेही खारटच खात होते, पण एक अक्षर बोलले नाहीत. खोटारड्या माणसानं आमटी खारट म्हणावी, हे त्यांच्या शास्त्रात कुठं बसत नव्हतं. म्हणून त्यांनी ते बसवायचा प्रयत्नच केला नाही.

जेवणानंतर सतरंजी घातली, कागद आला, दौत आली. अण्णा समोर बसले. मी अण्णांच्या मागं, आई उंबऱ्यात, ताई आईच्या मागं. "लिहा," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं सगळं ठीक आहे, काळजी नसावी." मधुकररावांनी टाक बुडवला. पहिल्या शब्दाची अक्षरं डोकी उघडी ठेवून नीट ओळीत काढली. मग टाक परत बुडवला, शब्दाच्या उजव्या टोकाला टेकवला, तिथं शाई टचकन दाटली, आणि तिथून त्यांनी रेघ डावीकडं ओढत नेली. शब्दाच्या आरंभापर्यंत पोचताना ती बारीक होत विझली. दुसऱ्या शब्दालाही तसंच. अण्णांनी आजवर शेकडो कागद भिंगातून बघितले होते, पण लिहिणाऱ्याचा हात कधी बघितला नव्हता. पाहुणा लिहीत असताना ते भिंग पुसत असायचे.

"थांबा," अण्णा म्हणाले. "ही रेघ तुम्ही इकडून ओढता?"

"हो. पहिलीपासून उर्दूत शिकलो. लाकडी तख्तीवर हात तसाच बसलाय. शाळेत फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं हसतात. डावीकडून ओढून बघितली, पण वाकडी जाते."

"अगंबाई," आई उंबऱ्यातून म्हणाली, "हे तर अगदी तुमच्यासारखंच, हो. तुम्हीही तिकडूनच ओढता की."

"काहीतरीच," अण्णा म्हणाले. त्यांनी टाक घेतला, स्वतःपुढं कागद ओढला आणि त्याच वाक्यातला पहिला शब्द लिहिला. मग रेघेसाठी हात उचलला आणि तो हात, अण्णांनी काही करायच्या आत, उजवीकडं जाऊन टेकला. शाई दाटली. ते त्या ठिपक्याकडं बघत राहिले. रेघ ओढावी तर पंचाईत, न ओढावी तर आमच्या भुवया वर. मला त्या वेळी त्यांची इतकी कीव आली, की मीच उठून दौत सांडावी असं वाटलं. सगळी कचेरी, रझाकचाचा, गावातले वकील, मास्तर, ज्यांना म्हणून त्यांनी खोटं ठरवलं होतं, ते सगळे एकाच तख्तीवर शिकले होते. अण्णाही.

"टाक खराब आहे," अण्णा म्हणाले, आणि रेघ उजवीकडून डावीकडं ओढून टाकली.

मधुकरराव म्हणाले, "टाक चांगला आहे."

मामा खोकले. अण्णांनी मान वर करून मधुकररावांकडं नीट बघितलं, मला वाटतं, पहिल्यांदाच. मग विचारलं, की तख्तीला मुलतानी माती लावायचा का खडू. मधुकरराव म्हणाले, मुलतानी माती, आणि उस्ताद बोरू कापून द्यायचे नाहीत, स्वतः कापायला लावायचे. अण्णा म्हणाले, आमच्या उस्तादांनी ऐन अक्षराचं पोट बिघडलं म्हणून कान असा पिरगळला होता, की आठवडाभर टोपी बसली नाही. त्यानंतर ते दोघं उर्दूत जे सुरू झाले, ते आम्हाला कोणालाच नीट कळेना. अण्णा हसत होते. किती दिवसांनी हसत होते, कोण जाणे. तिकडं चहा निवला, आईनं परत तापवला, परत निवला. शेवटी मामांनीच विषय काढला, "मग दाजी, काय ठरलं?"

अण्णांनी भिंग धोतराला पुसून पेटीत ठेवलं. "आमटीत मीठ जास्त होतं," ते म्हणाले, "हे खरं आहे."

एवढाच होकार. लग्न वैजापूरलाच झालं. अण्णांनी शास्त्र काही सोडलं नाही, फक्त नियमात दुरुस्ती केली: जाड टोक उजवीकडं असेल तर माणूस आपल्यातला समजावा. रझाकचाचांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, की सच्चा सापडला, आणि सगळं दफ्तरही सुटलं. चाचा म्हणाले, बडी मेहरबानी.

राहिले भाऊजी. त्यांच्या खरेपणानं ताईनं जन्मभर जो ताप सोसला, त्यावर वेगळं प्रकरण होईल. बारशाला गेले की म्हणायचे, पोर वडिलांच्या वळणावर गेलंय, नाक सोडून. ताईनं नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर साडी चांगली आहे म्हणायचे. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. भाऊजींचं पत्र आलं, की मधली दोन पानं काढली असती तर बरं झालं असतं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुस्तकात घेताना मात्र ती दोन पानं काढली. ताई कधीकधी म्हणायची, एकदा, आयुष्यात एकदा या माणसानं माझ्यासाठी खोटं बोलावं. पण ती सुखात होती. त्या घरात कोणाला कशाची शंका घ्यावी लागली नाही.

अण्णांना म्हातारपणी अर्धांग झालं. वाचा गेली, उजवा हात जेमतेम उचलता यायचा. आईनं त्यांच्या उशाशी माझ्या लहानपणीची पाटी आणून ठेवली, काही हवं असलं तर लिहा म्हणून. अण्णांनी लिहिलं, पण उर्दूत. कष्टानं शिकलेली बाळबोध त्यांच्या हातातून पार गेली होती, राहिली होती ती तख्तीवरची. आईला वाचता येईना, मला येईना, रझाकचाचा कधीच गेले होते. सगळ्या घरात ती पाटी वाचू शकणारा एकच माणूस होता. भाऊजी वैजापूरहून आले आणि उशाशी बसून राहिले. पाटीवर नजर टाकायचे आणि आम्हाला सांगायचे: खिडकी लावा. चहात साखर कमी आहे. गिरणी आज बंद का आहे?

एका दुपारी अण्णांनी बराच वेळ लावून काहीतरी लिहिलं. भाऊजींनी ते दोनदा वाचलं. ताईनं विचारलं, "काय म्हणतात?" भाऊजी म्हणाले, "विचारतात, माझं अक्षर बिघडलं का?"

मला उर्दू येत नाही. पण लहानपणी ज्या अक्षरांकडं मी अभ्यास सोडून बघत बसायची, ती मला ओळखता येतात. पाटीवर एक ओळ होती. ती निम्म्यातून खाली घसरली होती, अक्षरं एकमेकांवर कोलमडली होती, शेवटचा शब्द तर नुसता ओरखडा होता. अण्णा भाऊजींच्या तोंडाकडं बघत होते. ताईनं माझा हात घट्ट धरला. नवरा काय बोलणार, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारानं पाठ होतं.

भाऊजींनी पाटी दोन्ही हातांत धरली, खिडकीच्या उजेडाकडं वळवली, वरपासून खालपर्यंत सावकाश बघितली.

"नाही अण्णा," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे, काळजी नसावी."

अण्णांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ताई माझा हात सोडून पदर तोंडाशी धरून आत गेली. भाऊजी तिथंच पाटी मांडीवर घेऊन बसले होते. ज्या माणसाला अण्णांनी रेघेवरून खोटारडा ठरवलं होतं, तो त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा खोटं बोलला.